डोकी मोजून विकास कळत नाही

गोव्यात वर्षभरात किती पर्यटक आले याचा आकडा जाहीर झाला, आणि तो गेल्या वर्षीपेक्षा मोठा निघाला, की पर्यटनाची भरभराट झाली असं आपण धरून चालतो. हाच हिशेब आता वारसा पर्यटनालाही लावतात. किनाऱ्यावरचे लोक तांबडी सुर्लच्या महादेव मंदिराकडे, चांदरच्या जुन्या घरांकडे, कुशावतीकाठच्या कातळशिल्पांकडे वळवले की आतले तालुके आपोआप वर येतील, असा सूर असतो. वळवावेत, जरूर वळवावेत. पण आपोआप काही होत नाही.

उसगाळीमळचंच घ्या. सांगे तालुक्यात, रिवणपासून जवळ, नदीकाठच्या उघड्या चिऱ्याच्या खडकावर बैल, हरणं, माणसं आणि एक वर्तुळाकार चक्रव्यूह कोरलेला आहे. 1993 मध्ये ही शिल्पं उजेडात आली. भर दुपारी त्या रेघा खडकातच विरून जातात. ऊन तिरपं झालं की बैलाची शिंगं, पाठीची कमान एकेक करून उठून दिसतात. त्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. बहुतेक जण थांबत नाहीत. तासाभरात पाहून ते गाडीत बसतात आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलात परततात. यादीत एक डोकं वाढतं, रिवणच्या वाट्याला फार तर एका शहाळ्याचे पैसे येतात.

तेच ते रिवणमध्ये एखाद्या घरी जेवले आणि 100 रुपये दिले तर? त्यातले 60 गावातच खर्च झाले असं समजू: शेजारच्या शेतातले तांदूळ, पोदेराचे पाव, नारळ पाडणाऱ्या पाडेल्याची मजुरी. या लोकांनी आपल्या 60 मधले पुन्हा साठ टक्के, म्हणजे 36 रुपये गावात खर्च केले. पुढच्या फेरीत 21.60, मग 12.96. दहावीनंतर गणित सोडलेल्यांनाही भूमिती श्रेणी आठवत असेल. ही बेरीज अनंतापर्यंत केली तरी 250 वर थांबते. गावात टिकणारा हिस्सा र मानला, तर गुणक, म्हणजे पहिल्या रुपयाचे शेवटी एकूण किती रुपये होतात तो आकडा, होतो 1 ÷ (1 − र). र 0.6 असेल तर गुणक अडीच. र 0.2 असेल तर जेमतेम सव्वा. आणि र 0.8 पर्यंत नेता आला तर थेट पाच. ही वाढ सरळ रेषेत होत नाही, शेवटी शेवटी ती झपाट्याने चढते. म्हणून पर्यटक दुप्पट करण्याइतकाच फायदा पैशाची गळती कमी करूनही मिळतो, आणि त्यासाठी खडकावर आणखी पावलं पडावी लागत नाहीत.

अर्थतज्ज्ञ वासिली लिओंटिएफ यांनी हाच विचार अख्ख्या अर्थव्यवस्थेला लावला आणि 1973 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कोणता व्यवसाय कुणाकडून किती विकत घेतो याची चौकोनी सारणी मांडायची, म्हणजे ओळीत विकणारा आणि स्तंभात घेणारा. वरच्या सूत्रात एका र-ऐवजी ती सगळी सारणी बसवायची आणि भागाकाराऐवजी त्या वजाबाकीतून आलेल्या सारणीचा व्यस्त, म्हणजे भागाकाराचंच सारणीतलं रूप, काढायचा. सारणीचा वर्ग म्हणजे दुसरी फेरी, घन म्हणजे तिसरी, श्रेणी तीच. मला यात गणिताचं खरं सौंदर्य दिसतं. सारणीतला एक चौकोन बदलला, समजा खानावळीने तांदूळ गावातून घ्यायला सुरुवात केली, तर त्याचा परिणाम सुताराच्या उत्पन्नापर्यंत कसा झिरपतो तेही काढता येतं.

आता अडचण. प्रदेश जितका लहान, तितकी गळती जास्त. गोव्याची बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते. जेवणाचं बिल रिवणमध्ये फाडलं, तरी त्यातला टोमॅटो-कांद्याचा पैसा घाट चढून गेलेला असतो. आणि मुक्काम, गाडी, वाटाड्या हे सगळं बाहेरच्या कंपनीच्या पॅकेजमध्ये असेल, तर पहिल्या फेरीआधीच मोठा हिस्सा निघून जातो. त्यावर गुणक लावायला उरतं काय?

आतल्या तालुक्यांची एक बाजू मात्र भक्कम आहे. हात आणि साधनं रिकामी असली तरच हा गुणक खरा चालतो. ती आधीच कामात गुंतलेली असतील तर नव्या पैशाने उत्पादन वाढत नाही, भाडी आणि भाव वाढतात. किनारपट्टीवर घर शोधणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खाणपट्ट्यात चित्र उलटं होतं. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 भाडेपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. ट्रक आणि ट्रकवाले रिकामे बसले. अशा ठिकाणी आलेल्या रुपयाला काम करायला वाव असतो.

युनेस्कोचा शिक्का मिळाला की गावाचं नशीब पालटतं, हाही असाच एक गाजावाजा. जुन्या गोव्याच्या चर्चेसना तो 1986 मध्ये मिळाला. शिक्क्याने पर्यटक वाढतात का, यावर चीन आणि इटलीच्या आकडेवारीवरून अर्थतज्ज्ञांत रीतसर वाद झालेला आहे. मुळात प्रसिद्ध स्थळांनाच शिक्का मिळतो, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? तसंच साखळी गावाजवळच्या हरवळेच्या लेण्यांना पांडवांच्या गुंफा म्हणून मोकळं होणंही थांबायला हवं. तिथल्या लिंगावर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो वाचून दाखवणारा स्थानिक वाटाड्या असेल, तर पाहुणा अर्धा तास जास्त थांबतो आणि वाटाड्याची मजुरी साखळीतच राहते.

त्यामुळे डोक्यांऐवजी र मोजूया. केपे आणि साखळीच्या सरकारी महाविद्यालयांतले विद्यार्थी हे काम सहज करतील. पर्यटकाला विचारायचं: रात्र कुठे काढली, जेवलात कुठे, गाडी कुणाची, पैसे कुणाच्या हातात दिले. जेवण देणाऱ्या घराला विचारायचं: तांदूळ कुठले, भाजी कुठली, मदतीला कोण येतं. उसगाळीमळला पाहणी पावसाळा सरल्यावरच सुरू करावी लागेल, कारण त्याआधी कुशावतीचं पाणी खडकावर चढलेलं असतं.