टी-मायनसचं घड्याळ मध्येच का थांबतं?

21 ऑक्टोबर 2023 च्या सकाळी गगनयानाचं पहिलं चाचणी उड्डाण, टीव्ही-डी1, श्रीहरिकोट्याहून आठ वाजता व्हायचं होतं. ते साडेआठवर गेलं, मग पावणेनऊवर, आणि तिथून घड्याळ उतरत उतरत पाच सेकंदांवर येऊन अडकलं. संगणकाने होल्ड दिला होता, म्हणजे उलटगणती थांबवली होती. पाच सेकंदांत असं काय बिघडलं, हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला गेला. इंजिन पेटलेलंच नव्हतं. देखरेखीच्या यंत्रणेतली विसंगती सापडली, दुरुस्त झाली आणि दहा वाजता यान उडालं. त्याच सकाळी हे जमलं याचं एक कारण इंधनात आहे: त्या यानाचं द्रव इंधन सामान्य तापमानाला टाकीत तसंच टिकतं. अतिशीत द्रव असते, तर ते उकळून उडत राहतात आणि टाकी सारखी भरत राहावी लागते.

गोंधळाचं मूळ मात्र 'टी' या अक्षरात आहे. टी-मायनस 9 मिनिटं म्हणजे उड्डाणाला 9 मिनिटं उरली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते घड्याळ वेळ दाखवत नाही, उरलेल्या कामांचा क्रम दाखवतं. अमेरिकी स्पेस शटलची उलटगणती टी-मायनस 43 तासांपासून सुरू व्हायची आणि पुरी व्हायला जवळजवळ तीन दिवस लागायचे. मधले तास ठरवून ठेवलेल्या थांब्यांचे असत. टी-मायनस 20 मिनिटांवर एक थांबा, 9 मिनिटांवर आणखी एक. या दुसऱ्या थांब्यावर घड्याळ कधी कधी अर्धा-पाऊण तास हलत नसे. मागे राहिलेलं काम उरकायला आणि सगळ्या विभागांचा होकार घ्यायला ती वेळ मुद्दाम राखलेली. खऱ्या वेळेसाठी 'एल-मायनस' असं वेगळं घड्याळ होतं आणि ते थांबत नसे. बातम्यांत आणि थेट प्रसारणांत ही दोन घड्याळं सर्रास एकमेकांत मिसळली गेली. ठरलेला थांबाही मग लोकांना बिघाड वाटू लागला, आणि बिघाडामुळे आलेला थांबा नेहमीचा.

फोनचं अपडेट 99 टक्क्यांवर खिळतं, तेव्हा हेच होत असतं. पडद्यावरची ती पट्टी बहुतेक वेळा झालेलं काम मोजते. शेवटच्या एका टक्क्यात तपासणी आणि जुळवाजुळव असेल, तर तो टक्का आधीच्या पन्नासांइतका वेळ खाऊ शकतो. अशी पट्टी दिसत असली की लोकांना वाट पाहणं बरं वाटतं, हे 1985 मधल्या एका अभ्यासात नोंदलं गेलं होतं. पट्टीने खरी वेळ सांगितली पाहिजे, ही अपेक्षा आपण तिच्यावर लादली.

उलटे आकडे मोजण्याची कल्पना 1929 च्या एका जर्मन मूकपटात दिसते. क्षेपणास्त्रांच्या काळात ती कामाची पद्धत झाली.

थांबण्याचं मोल कळायला शटलचीच दोन उदाहरणं पुरतात. 10 एप्रिल 1981 ला पहिलं उड्डाण 20 मिनिटांवर अडलं. चार मुख्य संगणक एकमेकांशी जुळलेले होते, पाचव्या राखीव संगणकाला मात्र त्यांचं बोलणं वेळेत पोचत नव्हतं. फरक 40 मिलिसेकंदांचा. सुरू होताना 67 पैकी एखाद्या वेळीच घडेल अशी ती चूक होती, आणि इलाज तोच, जो आपण घरी राउटरवर करतो: बंद करून पुन्हा सुरू करणं. पण कारण कळल्याशिवाय कुणी बटणाला हात लावला नाही. उड्डाण 12 एप्रिलला झालं.

दुसरं उदाहरण जानेवारी 1986 चं. चॅलेंजर आधीच लांबत आलेलं. 27 तारखेला दरवाजावरचं हँडल काढताना एक बोल्ट निघेना. ड्रिल आणलं, तर त्याची बॅटरी उतरलेली. शेवटी करवतीने कापलं, तोवर धावपट्टीवरचा आडवा वारा मर्यादेबाहेर गेला. एका बोल्टपायी दिवस गेला. त्या रात्री बूस्टर बनवणाऱ्यांच्या अभियंत्यांनी सुमारे 12 अंश सेल्सिअसखाली उडवू नका असं सांगितलं. त्यांच्याच व्यवस्थापकांनी तो सल्ला फिरवला. पुढचा आणखी एक थांबा, खऱ्या अर्थाने गरजेचा असलेला, कुणालाच नको होता. 28 तारखेला 73 सेकंदांत सात जण गेले. शटलच्या इतिहासात थट्टा लांबणीवर टाकण्याची झाली, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

नव्या यानांनी जुना अर्थ पुन्हा बदलला. स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटमध्ये द्रव ऑक्सिजन उणे 183 या उत्कलनबिंदूच्याही बराच खाली थंड केलेला असतो आणि तो भरायला उड्डाणाआधी साधारण 35 मिनिटं सुरुवात होते. तो टाकीत तापू लागला की घनता घटते. त्यामुळे भरणं सुरू झाल्यावर घड्याळ थांबलं, तर तो दिवस बहुधा गेलाच. अंतराळ स्थानक गाठायचं असेल तर आणखी पंचाईत, कारण स्थानकाची कक्षा प्रक्षेपणस्थळावरून जाते तो क्षणच पकडावा लागतो. 1 जून 2024 ला बोइंगचं स्टारलायनर यान 3 मिनिटं 50 सेकंदांवर थांबलं, कारण जमिनीवरच्या तीन संगणकांपैकी एकाचं उत्तर उशिरा आलं. दोष निघाला वीजपुरवठ्याच्या भागात. तो संच बदलून 5 जूनला ते उडालं.

याच काळात आणखी एक शब्द तारखेच्या जागी बसला: 'या दिवसाआधी नाही'. इतकंच सांगणारी सूचना बातमीत येईपर्यंत पक्की तारीख होते. भारतीय अंतराळवीराची अ‍ॅक्सिअम-4 मोहीम 29 मेवरून 8 जून, मग 10, 11, 19, 22 अशी सरकत गेली. कधी हवामान, कधी रॉकेटमधली द्रव ऑक्सिजनची गळती, कधी स्थानकाच्या रशियन भागातल्या दुरुस्तीची तपासणी. ती 25 जून 2025 ला भारतीय वेळेनुसार दुपारी 12 वाजून 1 मिनिटाने सुटली.