युरोपीय वर्क्स कौन्सिलसाठी अर्ज: शंभर सह्या जमल्या तरी कुठे अडतं?

एकशे ऐंशी सह्या, नीट टाइप केलेलं विनंतीपत्र, प्रत्येक पानावर तारीख, आणि तरीही अर्ज बाद. कारण एकच: सगळ्या सह्या एकाच देशातल्या एकाच कारखान्यातल्या होत्या. असे अर्ज मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहेत. दर वेळी त्यामागे कुणाच्या तरी कित्येक संध्याकाळी गेलेल्या असतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गल्लत दूर करू. जर्मनीतला बेट्रीब्सराट किंवा इतर देशांतली स्थानिक वर्क्स कौन्सिल (एका कारखान्यातल्या किंवा कंपनीतल्या कर्मचाऱ्यांनी निवडलेलं प्रतिनिधी मंडळ) वेगळी आणि युरोपीय वर्क्स कौन्सिल वेगळी. दुसरी आली म्हणून पहिली जात नाही. एकाहून जास्त देशांना लागू होणाऱ्या निर्णयांबद्दल (कारखाना हलवणं, विलीनीकरण, मोठी नोकरकपात) कंपनीने कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना वेळेत माहिती द्यावी आणि त्यांच्याशी सल्लामसलत करावी, एवढंच या कौन्सिलचं काम. नकाराधिकार तिला नाही. कायदा १९९४ चा, आणि आज लागू आहे तो २००९ चा सुधारित निर्देश (युरोपीय संघाचा असा नियम, जो प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात उतरवायचा असतो), क्रमांक २००९/३८. युरोपीय संसदेने २०२५ मध्ये त्यात आणखी बदल मंजूर केले, पण ते देशोदेशीच्या कायद्यांत उतरायला वेळ लागणार.

पात्रता ऐकायला सोपी आहे: या क्षेत्रात मिळून किमान १,००० कर्मचारी, आणि किमान दोन देशांत प्रत्येकी किमान १५०. लोक पहिला आकडा पाठ करतात, दुसरा विसरतात. जर्मनीत ५,००० माणसं, नेदरलँड्समध्ये १४० आणि पोलंडमध्ये १२० असतील, तर कंपनी कितीही मोठी असो, ती पात्र नाही. 'क्षेत्र' म्हणजे युरोपीय संघाचे २७ देश आणि नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन. स्वित्झर्लंड त्यात नाही. ब्रिटनमधले कर्मचारी २०२१ पासून धरता येत नाहीत. पुण्यात किंवा बंगळुरूत त्याच कंपनीची दहा हजार माणसं असली तरी या गणितात ती शून्य. मुख्यालय मात्र कुठेही असू शकतं. पगारपत्रकावर वेगळ्या कंपनीचं नाव असेल तर लगेच हिरमुसू नका. एकाच मालक कंपनीच्या ताब्यातल्या भगिनी कंपन्या मिळून एक समूह धरला जातो.

आता खरी अडचण. प्रत्येक देशात नेमके किती कर्मचारी आहेत, हा कागद कुणाकडेच नसतो. तुमच्याकडे नसतो, दुसऱ्या देशातल्या सहकाऱ्याकडे नसतो, आणि एचआरला विचारलं तर 'ही माहिती गोपनीय आहे' असं छापील उत्तर येतं. त्यात आजचा आकडा चालत नाही. मागच्या दोन वर्षांची सरासरी लागते, आणि तीत अर्धवेळ कर्मचारीही धरावे लागतात. कंत्राटी एजन्सीमार्फत आलेल्यांना धरायचं की नाही, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून.

एचआरच्या त्या उत्तरावर गप्प बसू नका. ही माहिती मिळवून देणं ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे, असं निर्देशाच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. 'आमचं मुख्यालय युरोपीय संघाबाहेर आहे, ते आम्हाला आकडे देत नाहीत' ही सबबही जुनी झाली. क्यूने अँड नागेल या स्वित्झर्लंडमध्ये मुख्यालय असलेल्या समूहाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १३ जानेवारी २००४ रोजी ती निकालात काढली. मुख्यालयाची जबाबदारी पेलणाऱ्या शाखेने इतर देशांतल्या शाखांकडून आकडे मागवावेत, आणि त्या शाखांनी ते द्यावेत, असं न्यायालय म्हणालं. माहितीची मागणी लेखी करा, त्यात चौथं कलम आणि हा निकाल दोन्ही लिहा. मग येणाऱ्या उत्तराचा सूर बराच बदलतो, हे पाहिलेलं आहे.

अर्जाचं पत्र कुणाच्या नावे पाठवायचं, यावरही बरेच अडकतात. मुख्यालय या क्षेत्रात असेल तर तिथल्या केंद्रीय व्यवस्थापनाला. बाहेर असेल तर त्यांनी नेमलेल्या प्रतिनिधीला, आणि प्रतिनिधी नेमलाच नसेल तर ज्या देशात सर्वांत जास्त कर्मचारी आहेत तिथल्या व्यवस्थापनाला. तुमच्या रोजच्या मॅनेजरला दिलेल्या पत्रावर विसंबू नका. ते कुठल्या तरी फोल्डरमध्ये जाऊन झोपतं.

सह्या: किमान १०० कर्मचारी किंवा त्यांचे प्रतिनिधी, किमान दोन देशांतल्या किमान दोन आस्थापनांमधून. दुसऱ्या देशातून किती हव्यात, याचा वेगळा आकडा निर्देशात नाही, पण नावापुरत्या दोन सह्या लावून भांडणाला आमंत्रण देऊ नका. दोन्ही देशांत स्थानिक कौन्सिल असतील तर सह्यांची मोहीम काढायचीही गरज नसते. त्या प्रतिनिधींनी मिळून १०० कर्मचाऱ्यांच्या वतीने अर्ज केला तरी पुरतं. एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेण्यासाठी तो कागद देशोदेशी फिरवण्याचा हट्टही सोडा. जर्मन कायद्यात तर वेगवेगळ्या अर्जांवरच्या सह्यांची बेरीज धरतात. मसुदा आणि यादी कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नका, एवढं ऐकाच.

मुदतींचा घोळ सर्वांत महागात पडतो. सहा महिन्यांत कौन्सिल स्थापन होईल, असा समज सर्रास आहे. तसं काही नाही. अर्जाने सुरू होतात त्या फक्त कौन्सिल कशी असावी याच्या करारासाठीच्या वाटाघाटी. अर्जापासून सहा महिन्यांच्या आत व्यवस्थापनाने त्या सुरू करायला नकार दिला, तर कायद्यातली तयार नियमावली आपोआप लागू होते, म्हणजे करार नसतानाही त्या नियमांनुसार कौन्सिल बनते. म्हणूनच बहुतेक जण नकार देत नाहीत. पाचव्या महिन्यात एक गोड ईमेल येतो, 'आम्ही या प्रक्रियेचं स्वागत करतो', आणि मग बैठकीची तारीख काही ठरत नाही. दुसरी मुदत तीन वर्षांची: तेवढ्यात करार झाला नाही तरीही तीच नियमावली लागू. ही तीन वर्षं मोजायची अर्जाच्या तारखेपासून, पहिल्या बैठकीपासून नव्हे. म्हणून अर्ज पोहोचल्याची पोच हा तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा कागद. रजिस्टर टपालाने पाठवा आणि पावतीचे फोटो तिघांकडे ठेवा.

वाटाघाटी करतं ते कर्मचाऱ्यांचं विशेष मंडळ. एकूण कर्मचाऱ्यांच्या दर १० टक्क्यांमागे, किंवा त्याच्या अंशामागेही, त्या देशाला एक जागा. समजा एकूण २,००० कर्मचारी आहेत: जर्मनीत १,३००, आयर्लंडमध्ये ५००, पोलंडमध्ये २००. जागा होतात अनुक्रमे सात, तीन आणि एक. 'आमच्या देशात चाळीसच माणसं, आम्हाला कोण विचारतो' असं म्हणणाऱ्यांनी तो 'अंश' शब्द पुन्हा वाचावा, एक जागा त्यांचीही असते. निवड कशी करायची ते प्रत्येक देशाच्या कायद्यानुसार. प्रवास, दुभाषे, बैठका यांचा खर्च कंपनीने करायचा. तज्ज्ञ सल्लागार मात्र एकाच माणसाच्या खर्चापुरता मर्यादित ठेवण्याची मुभा देशांना आहे.

मंडळात एक मतदान जपून करा. दोन तृतीयांश मतांनी 'वाटाघाटी नकोत' किंवा 'इथेच थांबवू' असं ठरवता येतं, आणि तसं ठरलं की दोन्ही बाजूंनी कमी मुदत मान्य केल्याशिवाय पुढची दोन वर्षं नवा अर्ज करता येत नाही. 'सध्या थांबू, पुढच्या वर्षी बघू' असं कुणी बैठकीत सुचवलं, तर हात वर करण्याआधी हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.