महाविद्यालयीन खेळांचा जमाखर्च आणि श्रेणींचा घोळ

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची तीन श्रेणींची रचना 1973 सालची. पहिल्या दोन श्रेणींत खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळते, तिसरीत नाही. 1978 मध्ये फुटबॉलपुरते (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) पहिल्या श्रेणीचेही दोन गट पडले. पुढे कित्येक वर्षे फुटबॉल शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा वरच्या गटाला 85, खालच्याला 63 आणि दुसऱ्या श्रेणीला 36 अशी होती. पैशाची खरी फाटाफूट मात्र 1984 ची. तोवर टीव्हीवर कोण झळकणार हे या खेळांची नियामक संघटना, एनसीएए, ठरवी: दोन वर्षांत एका संघाला जास्तीत जास्त सहा सामने, त्यांतले देशभर दिसणारे चारच. ओक्लाहोमा आणि जॉर्जियातली दोन विद्यापीठे कोर्टात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी ही मक्तेदारी मोडली. बड्या विद्यापीठांना आपले हक्क आपण विकायची मोकळीक मिळाली. बाकीच्यांकडे विकण्यासारखे फारसे नव्हतेच.

श्रेणींची तुलना करायला बसले की गाडी अडते ती जमेच्या रकान्यात. 1994 च्या कायद्यानुसार महाविद्यालयांना खेळांचा जमाखर्च दरवर्षी जाहीर करावा लागतो. पण हा कायदा आला तो मुलींच्या खेळांना न्याय्य वाटा मिळतो की नाही हे दिसावे म्हणून. नफातोटा जोखणे हा त्याचा हेतूच नव्हता. त्यामुळे तिकीटविक्री, टीव्हीचे हक्क, देणग्या यांच्या पंक्तीला विद्यार्थ्यांकडून सक्तीने घेतलेली क्रीडा फी आणि विद्यापीठाने आपल्या तिजोरीतून भरलेली तूटही ‘उत्पन्न’ म्हणून बसते. अनेक तक्त्यांत जमा आणि खर्च डॉलरपर्यंत तंतोतंत जुळतात, ते यामुळेच. ही भर वजा केली, तर 2014 साली अख्ख्या देशात जेमतेम 24 क्रीडा विभाग स्वतःच्या कमाईवर खर्च भागवत होते, आणि ते सगळे वरच्या गटातले.

खर्चाची बाजूही सरळ नाही. शिष्यवृत्ती छापील फीच्या दराने खर्ची पडते. प्रत्यक्षात ते पैसे त्याच संस्थेच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. वर्गात जागा रिकामीच असेल, तर त्या विद्यार्थ्यावर होणारा जादा खर्च फीपेक्षा बराच कमी असतो. तिसऱ्या श्रेणीत चित्र उलटे. समजा, एका छोट्या खासगी महाविद्यालयात शंभर मुले खेळायला मिळते म्हणून आली आणि सवलत वजा जाता प्रत्येकी 20,000 डॉलर फी भरू लागली, तर 20 लाख डॉलर जमा होतात. पण ते प्रवेश विभागाच्या खात्यावर. क्रीडा विभागाच्या माथी उरतात बस, पंच आणि प्रशिक्षकांचे पगार. म्हणून कागदावर तो विभाग निव्वळ खर्चिक दिसतो. माझ्या मते श्रेणींची तुलना सगळ्यात जास्त फसते ती इथे.

2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येऊ लागली. खेळाडूंनी लढवलेल्या खटल्यात जून 2025 मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा दर विद्यापीठामागे सुमारे 2.05 कोटी डॉलर. शिष्यवृत्त्यांच्या जुन्या मर्यादाही हा मार्ग पत्करणाऱ्यांसाठी गेल्या. आधीच्या खेळाडूंच्या बुडालेल्या कमाईपोटी सुमारे 2.8 अब्ज डॉलर दहा वर्षांत चुकवायचे आहेत. त्यातला मोठा भाग पहिल्या श्रेणीच्या सर्वच सदस्यांना एनसीएएकडून मिळणाऱ्या वाट्यातून कापला जातो आहे, ज्यांच्याकडे फुटबॉलचा संघसुद्धा नाही त्यांच्याही.