थंडीतली गाडी आणि दहा मिनिटांचा गैरसमज
जानेवारीतल्या सकाळी गाडी जड चालते म्हणून ती दहा मिनिटे जागेवरच सुरू ठेवावी, हा सल्ला मुंबईच्या सोसायट्यांत आजही दिला जातो. तो चोक ओढाव्या लागणाऱ्या कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल यांत्रिकपणे मिसळणाऱ्या भागाच्या) जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला लागू होता, आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला नाही. थंड इंजिनाला लागणारे जादा पेट्रोल सेन्सरच्या नोंदीवरून संगणक स्वतःच पुरवतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटाने सावकाश निघणे पुरेसे असते. तरीही गाडी अडखळत असेल, तर दोष थंडीचा नव्हे. आपल्याकडे पारा १५ अंशांखाली उतरतोच कितीदा? वांद्र्याहून अंधेरी गाठेपर्यंत तापमानाचा काटा खालीच राहिला, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत थंड पाणी रोखणारी झडप, उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी असते. काटा नीट चढत असेल, तर झिजलेले स्पार्क प्लग आणि थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावर) साचलेली काजळी आधी तपासावी.