खटपट आणि वहीवट : बडोद्याच्या दरबारातली लाच आणि पत

बडोदा महापालिकेचा कारभार खंडेराव मार्केटच्या जुन्या राजेशाही इमारतीतून चालतो. मार्च २०२२ मध्ये या महापालिकेने १०० कोटी रुपयांचे रोखे बाजारात आणले. व्याज ७.१५ टक्के, मुदत पाच वर्षे. मागणी आली सुमारे दहापट. एखाद्या शहराच्या कारभारावर गुंतवणूकदारांनी इतका विश्वास दाखवावा, याचे तेव्हा कौतुक झाले आणि ते रास्तही होते.

१८ जानेवारी २०२४ ला शहरातल्या हरणी तलावात नाव उलटली. शाळेच्या सहलीला आलेली १२ मुले आणि २ शिक्षिका बुडून गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. तलावाचा ठेका महापालिकेनेच दिलेला होता. आधी अपात्र ठरलेल्या कंपनीला पुढच्या फेरीत पात्र कसे केले, हे गुजरात हायकोर्टाने विचारले आणि त्या वेळच्या आयुक्तांपर्यंत बोट गेले.

कचेरी एकच. फरक एवढाच, की अशा रोख्यांच्या परतफेडीसाठी करवसुलीचा पैसा आधी वेगळ्या खात्यात जमा होतो आणि मग बाकीचा खर्च होतो. मुलाला सहलीला धाडणाऱ्या आईबापांसाठी तशी काही सोय नसते. लाचलुचपत थांबली की लोकांचा विश्वास बसेल आणि भांडवलही येईल, असे हल्ली एका दमात म्हटले जाते. बडोद्याच्या दोनशे वर्षांच्या दफ्तरात मात्र हे दोन विश्वास पुष्कळदा एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात.

त्याची सुरुवात १८०० च्या आसपास होते. गोविंदराव गायकवाड वारले, आनंदराव गादीवर आले. तिजोरी रिकामी, शिबंदीचे (भाडोत्री फौजेचे) पगार थकलेले आणि या शिबंदीत अरबांचे वजन मोठे. राज्य चालत होते ते हरिभक्ती, सामळ बेचर अशा पेढ्यांच्या कर्जावर. पण नुसत्या दरबाराच्या शब्दावर सावकार थैली सोडत नसत. मध्ये जामीन लागे. या जामिनकीला ‘बहांदरी’ म्हणत आणि ती देत अरब जमादार. दरबाराने शब्द फिरवला तर सावकाराच्या मागे जमादाराची तलवार उभी राहील, असा तो करार. १८०२ मध्ये दिवाण रावजी आप्पाजींनी मुंबईहून ईस्ट इंडिया कंपनीची मदत आणली. मेजर वॉकर फौज घेऊन आले, अरबांची थकबाकी भागवून त्यांना बाहेर काढले, जे हटून बसले त्यांच्याशी लढाई झाली. अरबांनी दिलेल्या बहांदऱ्या मग कंपनीने आपल्या अंगावर घेतल्या.

म्हणजे जामीन बदलला. दरबाराची स्वतःची पत होती तिथेच राहिली.

बहांदरी पुढे कर्जापुरती उरली नाही. कोणाचे वतन, कोणाची दिवाणगिरी, कोणाची मालमत्ता, इतकेच काय जीवसुद्धा कंपनीच्या हमीखाली आला. (गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन याच हमीवर पेशव्यांशी हिशेब मिटवायला गेले आणि १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला.) हमी मिळालेल्या माणसाला गायकवाड हात लावू शकत नसत. १८२८ मध्ये दुसरे सयाजीराव हमीची कर्जे फेडत नाहीत म्हणून मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी पेटलादसारखे महाल (तालुके) जप्त करून त्यांच्या वसुलीतून सावकारांचे देणे भागवायला घेतले. सावकाराचा विश्वास असा जपला गेला. रयत मात्र एका वसुलदाराकडून दुसऱ्याकडे गेली.

सगळे काही रेसिडेंटच्या (दरबारात बसवलेल्या इंग्रज वकिलाच्या) आणि मुंबईच्या शिक्क्यावर ठरू लागले, तसा त्या शिक्क्यालाच भाव आला. मुंबई सेक्रेटरिएटमध्ये अमुक कारकुनाला गाठा, रेसिडेन्सीत तमुक मुनशीला पैसे पोचवा, निकाल आपल्या बाजूने लागेल, हा बडोद्यात उघड समज होता. त्याला नाव होते ‘खटपट’. मराठीत आपण ‘खटपट करून नोकरी मिळवली’ म्हणतो, त्यात कष्टही येतात आणि वशिलाही. बडोद्याच्या खटपटीत कष्टाचा भाग नव्हता.

१८४७ मध्ये जेम्स औट्रम रेसिडेंट म्हणून आले आणि त्यांनी या खटपटीचा पिच्छा पुरवला. त्यातले सर्वांत गाजलेले प्रकरण जोईताबाई नावाच्या सावकाराच्या विधवेचे. पेढीच्या कारभाऱ्याने वारशाचा घोळ घालून पेढी बळकावल्याची तिची तक्रार होती, आणि ती वर्षानुवर्षे मुंबईला अर्ज पाठवत राहिली. अर्ज दाबला कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, याचा माग काढता काढता औट्रम आपल्याच रेसिडेन्सीतल्या माणसांपर्यंत पोचले. ऑक्टोबर १८५१ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यात मुंबई सरकारच्या अब्रूवरही बोट होते. मुंबईने त्यांना बडोदे सोडायला सांगितले. कागद लंडनला पोचले, पार्लमेंटपुढे छापले गेले आणि ‘खटपट’ हा शब्द इंग्रजी सरकारी दफ्तरात जाऊन बसला. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसींनी औट्रमना थोड्या काळासाठी का होईना, पुन्हा बडोद्यात नेमले. लाच दाखवून देणाऱ्याची आधी बदली आणि मग सन्मान, हा क्रम तेव्हापासूनचा आहे. सन्मान नेहमी येतोच असे नाही.

मल्हाररावांची कारकीर्द (१८७० ते १८७५) सगळ्यांना ठाऊक आहे ती रेसिडेंट फेअर यांच्या सरबतात विष घालवल्याच्या आरोपामुळे. मला त्यापेक्षा त्याआधीचे मीड कमिशन महत्त्वाचे वाटते. राज्याच्या कारभाराच्या चौकशीसाठी १८७३ मध्ये ते नेमले गेले आणि त्यापुढे तक्रारींचा ढीग पडला. नेमणुकीसाठी ‘नजराणा’ घेण्याची चाल त्यांतली मोठी. नजराणा देऊन महाल मिळवलेला कामदार (अधिकारी) ती रक्कम घरून सोसणार नाही, ती कुणब्याच्या खळ्यातूनच निघणार. लाचेचे हे गणित इतके साधे आहे. दादाभाई नवरोजी १८७४ मध्ये दिवाण म्हणून सुधारणा करायला आले. एका बाजूला दरबार, दुसऱ्या बाजूला खुद्द फेअर, अशा कात्रीत सापडून जानेवारी १८७५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. विषप्रयोगाच्या चौकशीत इंग्रज आणि देशी सभासदांचे एकमत झाले नाही, तेव्हा सरकारने मल्हाररावांना पदच्युत करताना मुख्य कारण लिहिले ते गैरकारभाराचे.

पुढचे दिवाण सर टी. माधवराव. तंजावरकडचे मराठी, त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून आलेले. १८७५ ते १८८२ या काळात त्यांनी सारावसुलीची इजारदारी (ठेकेदारी) मोडली, न्यायकचेऱ्या बसवल्या, खाती वेगळी केली, पगार ठरवून दिले. कंटाळवाणे काम. त्याचे पुतळे कोणी उभारत नाही.

डिसेंबर १८८१ मध्ये तिसरे सयाजीराव अधिकारावर आले. आमच्या मराठी घरांत त्यांच्या काळाविषयी बोलताना आवाज आपोआप खाली येतो, जणू देवघरात उभे आहोत. पण तेव्हाही लाच होती. १८९४ चे बापट प्रकरण घ्या. वासुदेव सदाशिव बापट सेटलमेंट (जमीन मोजणी आणि सारा ठरवणाऱ्या) खात्यात, महाराजांचे माजी शिक्षक इलियट यांच्या हाताखाली. जमिनीच्या प्रकरणांत पैसे घेतल्याचा आरोप आला, खास कमिशन बसले, महाराज तेव्हा विलायतेत. बापटांच्या बचावासाठी पुण्याहून लोकमान्य टिळक बडोद्यात येऊन राहिले. हा खटला लाचेचा की दरबारातल्या दोन गटांचा, यावर तेव्हाही वाद होता. खरी लाच आणि लाचेचा आळ ही दोन्ही हत्यारे दरबारी माणसे वापरत. आजही वापरतात.

तरीही या काळात काहीतरी बदलले, आणि ते व्यापाराच्या बाजूने नीट दिसते. कलाभवन ही तंत्रशाळा १८९० ची. तिथले प्राध्यापक गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी उभारलेला अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना १९०७ चा. २० जुलै १९०८ ला बँक ऑफ बडोदा सुरू झाली. सल्लागार व्हिटेनॅक हे अमेरिकन, पाठबळ महाराजांचे, आणि नोंदणी बडोदे राज्याच्याच १८९७ च्या कंपनी कायद्याखाली. शंभर वर्षांपूर्वी ज्या दरबाराला सावकार जामिनाशिवाय दमडी देत नव्हते, त्याच दरबाराच्या कायद्यावर आता लोक ठेवी ठेवत होते. १९१३ नंतर देशात बँका धडाधड बुडाल्या, ही टिकली. इथे कोणाची बहांदरी नव्हती.

पण सगळ्याचा जामीन एकच माणूस होता, हेही खरे. १९३९ मध्ये सयाजीराव गेले. नातू प्रतापसिंहराव यांच्या काळात राज्याच्या तिजोरीतून काढलेल्या पैशांवरून वाद उठला, १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली.

त्यानंतरचा इतिहास देशभर सारखाच. १९४७ चा लाचलुचपत प्रतिबंधक कायदा, भ्रष्टाचारावरची संथानम समिती, १९६४ चा दक्षता आयोग, २००५ चा माहिती अधिकार. गुजरातचा लोकायुक्त कायदा १९८६ चा. २००३ मध्ये गुंतवणूकदारांसाठी ‘व्हायब्रंट गुजरात’ मेळावे सुरू झाले, आणि त्याच वर्षी लोकायुक्तांची खुर्ची रिकामी झाली. मेळावे दर दोन वर्षांनी भरत राहिले. खुर्ची दहा वर्षे रिकामी राहिली. २०११ मध्ये राज्यपालांनी न्यायमूर्ती मेहतांची नेमणूक केली, राज्य सरकार कोर्टात गेले, जानेवारी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमणूक वैध ठरवली, आणि एवढे होऊन मेहतांनीच पद नाकारले. वर्षअखेरीस दुसरे लोकायुक्त नेमले गेले. या दहा वर्षांत गुजरातकडे येणारे भांडवल थांबले असे कोणी म्हणणार नाही.

बडोदे राज्यात तालुक्याच्या अधिकाऱ्याला ‘वहिवाटदार’ म्हणत. गुजरातीत वहीवट म्हणजे कारभार. आज गुजरातेत ‘वहीवट’ करणे म्हणजे देवाणघेवाण करून प्रकरण मिटवणे, आणि पोलीस ठाण्यासाठी हप्ते गोळा करणारा तो ‘वहीवटदार’. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरात कोणी अभिमानाने सांगू लागले, की आमचे पणजोबा पाटणला वहिवाटदार होते, तर शेजारच्या गुजराती पोराला हसू आवरत नाही.