करार संपला, मालकी उरली : एनबीएतल्या ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ची पार्श्वभूमी

२०२५ च्या उन्हाळ्यात एनबीएतले, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले, चार तरुण खेळाडू महिनोन्‌महिने लटकून राहिले. गोल्डन स्टेटचा जॉनथन कुमिंगा, शिकागोचा जॉश गिडी, ब्रुकलिनचा कॅम थॉमस आणि फिलाडेल्फियाचा क्वेंटिन ग्राइम्स. चौघांचेही करार संपले होते आणि कागदोपत्री चौघेही ‘फ्री एजंट’, म्हणजे दुसऱ्या संघाशी बोलायला मोकळे, होते. तरी जुलै गेला, ऑगस्ट गेला, आणि त्यांच्यापैकी एकाचीही दुसऱ्या संघाच्या ऑफर शीटवर, म्हणजे लेखी देकारावर, सही झाली नाही. हे का घडलं, ते समजायला साठ वर्षं मागे जावं लागतं.

नियम आधी सांगतो. संघ दरवर्षी ‘ड्राफ्ट’मध्ये पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात. त्याच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा सुरुवातीचा करार चार वर्षांत संपतो. त्यानंतर जूनअखेरीपर्यंत संघानं त्याला एका वर्षाची ‘क्वालिफाइंग ऑफर’ दिली, की तो रिस्ट्रिक्टेड होतो. दुसरा संघ त्याला मोठी ऑफर देऊ शकतो, पण जुन्या संघानं तेवढीच रक्कम मान्य केली की खेळाडू जागच्या जागी. आयपीएलच्या लिलावातलं ‘राइट टू मॅच’ कार्ड आपल्या ओळखीचं आहे. २०२५ च्या हंगामासाठीच्या लिलावात हैदराबादनं अर्शदीप सिंगची बोली १८ कोटींवर नेली आणि पंजाबनं तेवढेच मोजून त्याला परत घेतलं. तिथे सगळं काही मिनिटांत आटोपतं. एनबीएत त्यासाठी अख्खा उन्हाळा जातो.

१४ जानेवारी १९६४, बॉस्टन गार्डन. ऑल-स्टार सामना पहिल्यांदाच रात्रीच्या मुख्य वेळेत देशभर दूरचित्रवाणीवर दिसणार होता. बाहेर हिमवादळ होतं, आणि आत ड्रेसिंग रूमचं दार लावून खेळाडू बसले होते. पेन्शनचा शब्द मिळाल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बिल रसेल, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर, ऑस्कर रॉबर्टसन आणि खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष टॉम हाइनसन, सगळे त्याच खोलीत. लेकर्स संघाच्या मालकानं आपल्या खेळाडूंना मुकाट बाहेर या म्हणून निरोप धाडला, तरी कोणी हललं नाही. शेवटी लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला, आणि मगच सामना सुरू झाला. आपण एकत्र बसलो तर मालक ऐकतात, हे खेळाडूंना त्या रात्री कळलं, असं मला वाटतं. पुढचं सगळं तिथून निघालं.

तेव्हाच्या करारात एक कलम असायचं. मुदत संपली तरी संघ तो करार आपल्या बाजूनं वाढवू शकत असे, आणि व्यवहारात खेळाडू जन्मभर त्याच संघाशी बांधलेला राही. १९७० मध्ये रॉबर्टसन यांनी संघटनेचे अध्यक्ष या नात्यानं या कलमाविरुद्ध लीगला कोर्टात खेचलं. तेव्हा एबीए ही प्रतिस्पर्धी लीग जोरात होती, दोन्ही लीगमध्ये बोली लागत असल्यानं पगार चढत होते, आणि मालकांना विलीनीकरण हवं होतं. या खटल्यानं ते अडवून धरलं. १९७६ मध्ये तडजोड झाली, कलम गेलं आणि विलीनीकरण झालं. रॉबर्टसन दोन वर्षं आधीच निवृत्त झाले होते. त्यांच्या लढ्याचं फळ पुढच्या पिढीला मिळालं, आणि आजचे खेळाडू त्यांचं नाव पुरेसं घेत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

मालकांनी हातातली दोरी मात्र पूर्ण सोडली नाही. सुरुवातीला भरपाईचा नियम आला : खेळाडू नेलात तर मोबदला द्या. १९७९ मध्ये बिल वॉल्टन पोर्टलँड सोडून सॅन डिएगोला गेला, तेव्हा सॅन डिएगोला बदल्यात दोन खेळाडू, शिवाय ड्राफ्टमधली निवड आणि रोख रक्कम द्यावी लागली. एवढी किंमत मोजायला कोण पुढे येणार? त्यानंतर भरपाईच्या जागी आला पहिल्या नकाराचा हक्क. आजच्या रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटचा उगम इथे आहे.

या हक्काचा सर्वांत गाजलेला वापर १९८२ चा. फिलाडेल्फियानं ह्यूस्टनच्या मोझेस मलोनला सहा वर्षांसाठी १ कोटी ३२ लाख डॉलरची ऑफर शीट दिली. ह्यूस्टननं ती मॅच केली आणि लगेच त्याला फिलाडेल्फियालाच देऊन टाकलं. बदल्यात कॅल्डवेल जोन्स आणि पहिल्या फेरीची एक निवड पदरात पाडून घेतली. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फिया विजेता ठरला. पूर्ण मोकळीक मिळायला १९८८ उजाडलं : सात वर्षं खेळलेल्या खेळाडूंसाठी दार उघडलं आणि टॉम चेंबर्स सिअ‍ॅटल सोडून फिनिक्सला गेला.

तरुणांसाठी मात्र चक्र उलटं फिरलं. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या १९९५ च्या करारात नवोदितांचे पगार ठरवून दिले, पण तीन वर्षांनी खेळाडू मोकळा होणार होता. त्या भीतीनं मिनेसोटानं १९९७ मध्ये केविन गार्नेटला सहा वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर दिले. मालक हादरले. १९९८ मध्ये त्यांनी टाळेबंदी केली, हंगाम ५० सामन्यांवर आला, आणि १९९९ च्या करारात नवोदितांना चौथं वर्ष आणि त्यापुढे मॅच करण्याचा हक्क असं दुहेरी कुलूप लागलं.

मग पळवाटा आल्या. २००३ मध्ये गिल्बर्ट अरेनास वॉशिंग्टनला गेला, कारण सॅलरी कॅपमुळे, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेमुळे, गोल्डन स्टेटला ती रक्कम मॅच करताच येत नव्हती. ती फट बुजवायला केलेल्या नियमातून दुसरी निघाली. पहिली दोन वर्षं पगार कमी, तिसऱ्या वर्षी एकदम उडी. २०१२ मध्ये ह्यूस्टननं न्यूयॉर्कच्या जेरेमी लिनला अशीच सुमारे अडीच कोटी डॉलरची ऑफर दिली, तिसऱ्या वर्षी जवळजवळ दीड कोटी. लक्झरी टॅक्सचा, म्हणजे पगारखर्च फार वाढला की लीगला भरायच्या दंडाचा, आकडा पाहून न्यूयॉर्कनं हात वर केले, आणि काही महिन्यांपूर्वी अख्खं शहर डोक्यावर घेणारा मुलगा निघून गेला.

पण अशी उदाहरणं थोडी. मॅच करायची मुदत कधीकाळी १५ दिवस होती. ती सात, मग तीन, आणि पुढे एक-दोन दिवसांवर आली. तेवढा वेळसुद्धा ऑफर देणाऱ्याचे पैसे अडकून पडतात आणि बाजारातले बाकीचे खेळाडू हातचे जातात. २०२२ मध्ये इंडियानानं डिआंड्रे एटनला चार वर्षांसाठी जवळपास १३ कोटी ३० लाख डॉलरची ऑफर दिली, फिनिक्सनं त्याच दिवशी मॅच केली. नंतर वर्षभर त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे पाठवता येत नव्हतं. सव्वा वर्षानं, सप्टेंबर २०२३ मध्ये, फिनिक्सनं त्याला पोर्टलँडला धाडलं. हे पाहून दुसरा संघ ऑफर द्यायला कशाला धजेल? या हक्काची खरी ताकद तो न वापरताच दिसते.

२०२५ मध्ये तेच झालं. मोठी रक्कम मोजण्याइतकी सॅलरी कॅपखालची जागा जवळजवळ एकट्या ब्रुकलिनकडे होती. गिडीला सप्टेंबरात शिकागोनं चार वर्षांचे १० कोटी डॉलर दिले. थॉमस सुमारे ६० लाखांच्या आणि ग्राइम्स सुमारे ८७ लाखांच्या क्वालिफाइंग ऑफरवर थांबले. पगार थोडा, पण वर्षाखेरीस पूर्ण मोकळीक आणि आपल्या संमतीशिवाय बदली नाही. कुमिंगानं ती ऑफर स्वीकारण्याची १ ऑक्टोबरची मुदत तोंडावर आल्यावर दोन वर्षांच्या करारावर सही केली. त्यातलं दुसरं वर्ष द्यायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार संघानं स्वतःकडे ठेवला.