जुन्या पुस्तकातले दाखले आणि अनुस्वाराचे भांडण

ठाण्यात हौशी मंडळींच्या हातून वाढत असलेल्या एका मराठी ऑनलाइन कोशात सध्या दोन तट पडले आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या छापील पुस्तकातले वाक्य नोंदीखाली दाखला म्हणून द्यायचे, तर त्यातले अनुस्वार ठेवायचे की काढायचे, एवढाच प्रश्न. पण तो सोडवायला बसले की मराठी छपाईचा सगळाच गुंता हाती येतो.

सगळ्यात जुना दाखला कोणता, यावर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: ख्रिस्तपुराण, १६१६. एका इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाचा हा ग्रंथ रायतूरला रोमी लिपीत छापला गेला. (तिथली साष्टी गोव्याची. ठाणे ज्या बेटावर आहे त्यालाही साष्टीच म्हणतात, त्यामुळे आपल्याकडच्या काहींनी ग्रंथाला परस्पर ठाणेकर करून टाकले आहे.) १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा छापला गेला, पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. आपण वाचतो तो पाठ हस्तलिखितांवरून आलेला. मंगळूरची १९०७ची रोमी आवृत्तीही तशीच सिद्ध झाली. म्हणजे १६१६ हे साल लावून दिलेले अवतरण १६१६ च्या पानावर कोणी पाहिलेले नसते.

श्रीरामपूरची (बंगालमधले, नगर जिल्ह्यातले नव्हे) तऱ्हा आणखी वेगळी. तिथून १८०५ मध्ये मराठीचे इंग्रजी व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८१४ मध्ये सिंहासनबत्तिशी निघाली. कोशातले मराठी शब्द आणि बत्तिशीचा मजकूर मोडी टाइपात आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत. त्यामुळे मोडी वाक्य देवनागरीत उतरवताना प्रत्येक वेलांटी आणि उकार उतरवणाऱ्याने ठरवलेला असतो. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, पण मोडीत टंकलेला दाखला वाचणार किती जण?

पुढे मुंबईत शिळाछाप, म्हणजे हाताने लिहिलेला मजकूर दगडावरून छापण्याची रीत आली आणि पोथीच छापखान्यात शिरली. शब्द सलग, दंड सोडला तर विरामचिन्ह नाही, आकडा पृष्ठाला नसून पत्राला, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एका पानाला. त्यामुळे दाखल्यात ‘पत्र ७, मागची बाजू’ असे लिहावे लागते आणि शब्द तोडणेही आपल्याकडेच येते. ज्ञानेश्वरी पहिल्यांदा छापली गेली ती अशीच, १८४५ मध्ये. तिच्या ओवीला साल कोणते द्यायचे? रचना शके १२१२, म्हणजे १२९०. एकनाथांनी पाठ शुद्ध केला शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये. छपाई १८४५ ची. शिवाय १९०९ मध्ये वेगळ्या हस्तलिखितावरून छापलेली प्रत निघाली आणि तिच्यात पाठभेद पुष्कळ. कोशाने रचनेचे साल आणि पाहिलेल्या आवृत्तीचे साल, दोन्ही द्यायचे ठरवले, ते बरे झाले. शकात ७८ मिळवून मोकळे होण्याची सवय मात्र गेलेली नाही. वर्षाअखेरच्या महिन्यांत निघालेल्या पुस्तकाला ७९ मिळवावे लागतात.

छापील कोशांनी या बाबतीत फारशी वाट दाखवलेली नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८३१ आणि १८५७ च्या आवृत्त्यांत म्हणी आहेत, उदाहरणे आहेत, पण कालक्रमाने लावलेले दाखले नाहीत. १९३२ ते १९३८ दरम्यान सात खंडांत निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशात अवतरणे भरपूर, पण साल नाही. ग्रंथाचे आद्याक्षर, अध्याय, ओवी एवढे दिले की लगेच पुढचा शब्द सुरू. हे कोश अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येऊ लागले, आणि त्यातली अवतरणे मूळ ग्रंथ न उघडताच ऑनलाइन नोंदींत उतरू लागली. आद्याक्षरासकट!

जुन्या पुस्तकांचे स्कॅन फुकट मिळू लागल्यावर चित्र पालटले. यंत्राला जुन्या छपाईच्या खिळ्यांची अक्षरे नीट वाचता येत नाहीत, यादीत शीर्षके भलतीच पडतात, कधी शीर्षकपानच गायब असते, तरी मूळ पान डोळ्यांसमोर आले. ठाणेकरांना तर १८९३ पासूनचे मराठी ग्रंथालय गावातच आहे आणि १८६६ मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या ‘अरुणोदय’ या वृत्तपत्राचा अभिमानही आहे. पान दिसू लागले आणि पानावरचे अनुस्वारही दिसू लागले.

१९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात न उरलेले अनुस्वार काढून टाकले. नव्या पिढीने ते पाहिलेलेच नाहीत. म्हणून ‘नाव’ शोधणाऱ्याला खाली ‘नांव’ असलेले वाक्य दिसले की तो चूक कळवतो. काढून टाका म्हणणाऱ्यांची बाजू एवढ्यावरच उभी आहे: कोश बघून लिहायला शिकणाऱ्याचा गोंधळ होतो, शोध चुकतो, ‘कांहीं’ टंकायला कोणाला वेळ आहे? यातला शोधाचा मुद्दा खरा आहे. बाकीचे सोयीचे आहे. गंमत म्हणजे यातलेच बरेच जण चर्चेत ‘केलं’, ‘झालं’ असे टिंब देऊनच लिहितात.

ठेवा म्हणणाऱ्यांनी उदाहरणे मांडली आणि तिथे वाद खरा रंगला. जुन्या लेखनात ‘मी लिहितों’ आणि ‘तो लिहितो’ यांत पुरुष टिंबाने कळतो. ‘तीं’ नपुंसकलिंगी अनेकवचन, ‘ती’ स्त्रीलिंगी एकवचन. टिंब गेले की दोन्ही एक. ‘नांव’ कागदावर लिहायचे, ‘नाव’ पाण्यात सोडायची. सगळ्यात अवघड ‘शहरांत’. जुन्या लेखनात एका शहरातले तेही ‘शहरांत’ आणि अनेक शहरांतले तेही ‘शहरांत’. आज आपण दोन्ही वेगळे लिहितो. म्हणजे जुने वाक्य आजच्या नियमांत बसवणारा माणूस नुसते टिंब पुसत नाही, लेखकाला एक शहर म्हणायचे होते की अनेक, याचा निकाल देतो. तेही अवतरणचिन्हांच्या आत. ज्या शब्दाचे लिंग किंवा रूप सिद्ध करायला दाखला आणला, त्याचा पुरावाच कधीकधी असा साफ होतो.

शेवटी ठरले ते असे. नोंदीचा मुख्य शब्द आजच्या लेखनात, जुने रूप त्याखाली पर्याय म्हणून, दाखला पानावर आहे तसा अक्षरशः. शोधासाठी टिंबे गाळलेली एक प्रत पडद्याआड, वाचकाला न दिसणारी. उघड छापखान्याची चूकही तशीच ठेवायची आणि पुढे कंसात शेरा द्यायचा. काही जुन्या संपादकांना हे मान्य झाले नाही, त्यांनी नोंदी करणे थांबवले.

त्यातून नवा प्रश्न निघाला, तो पुनर्मुद्रणांचा. १८९० च्या सुमाराची कादंबरी १९६२ नंतर पुन्हा छापताना प्रकाशकांनी अनेकदा लेखन गुपचूप नवे केले आहे. बाजारात आणि ग्रंथालयात सहज मिळते ती हीच प्रत. तिच्यातले वाक्य १८९० चे म्हणून दिले, की अनुस्वार त्या काळीच गेले होते असे दिसते. आता अशा दाखल्याला हातातल्या आवृत्तीचे साल सक्तीचे आहे आणि पहिली आवृत्ती मिळाली की तो बदलतात. मोडी पुस्तकांपुढे तूर्त ‘लिप्यंतर’ एवढाच शेरा असतो. वेलांट्या कोणत्या नियमाने द्यायच्या, यावरची चर्चा उघडीच आहे.